मर्फीचं कूळ

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला मर्फी म्हटलं की रेडिओ आठवतो, आणि त्या रेडिओच्या जाहिरातीतलं, ओठावर बोट ठेवलेलं गुटगुटीत बाळ. लेकीनं बोस्टनहून फोनवर "बाबा, मुलाचं आडनाव मर्फी" असं भीत भीत सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "रेडिओवाले का?" रेडिओवाले निघाले नाहीत. पण लग्न झालं आणि मला मर्फी नावाचे व्याही मिळाले. ते निवृत्त, मी निवृत्त. निवृत्त माणसाला रिकामा वेळ आणि दुसरा निवृत्त माणूस एवढं मिळालं की उद्योग निघतोच. आमचा निघाला तो व्याह्यांचे पूर्वज शोधण्याचा. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मर्फीचं विचारायला हरकत नसावी.

व्याही अमेरिकेत जन्मले. त्यांचे वडील अमेरिकेत जन्मले, आजोबाही तिथेच. पण "तुम्ही कुठले?" असं विचारा, छाती पुढे काढून "आयरिश" म्हणतील. विहीणबाई मात्र खऱ्याखुऱ्या आयर्लंडच्या, केरी परगण्यातल्या, तरुणपणी नर्स म्हणून बोस्टनला आलेल्या. त्यांना विचारलं तर त्या आपल्या उपनगराचं नाव सांगतात. व्याह्यांसारखी माणसं अमेरिकेत तीन कोटींहून जास्त आहेत. खुद्द आयर्लंडच्या प्रजासत्ताकात २०२२ च्या जनगणनेत डोकी भरली ५१ लाख. म्हणजे आयर्लंडमध्ये राहून आयरिश असणं हा अल्पसंख्याकांचा प्रकार झाला.

व्याह्यांचा पेशा सांगायला हवा. ते एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची पाठ दुखावली, की हे दुर्बीण घेऊन हजर. नोकरीभर त्यांनी एकाही गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, पण आजीनं सांगितलेल्या गोष्टींवर डोळे मिटून ठेवला. गोष्टी अशा : आपण मूळचे कॉर्कचे. तिकडे मोठा वाडा होता, घोडे होते. तीन भाऊ जहाजात बसून निघाले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला. आणि एलिस बेटावरच्या कारकुनानं आपलं नाव बदललं.

माझा उभा जन्म महसूल खात्यात गेला. तलाठ्याच्या दप्तरापासून तहसीलच्या रेकॉर्डरूमपर्यंत जिथे जिथे धूळ आहे तिथे तिथे मी नोकरी केली आहे. त्यामुळे असल्या गोष्टी ऐकताना माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. तीन भाऊ तर मला पहिल्यापासून पटले नव्हते. पुढे कळलं की अमेरिकेतल्या निम्म्या घराण्यांत हेच तीन भाऊ आहेत. वंशावळी शोधणारे लोक त्यांच्यावर विनोद करतात. कॉर्कचंही तसंच. अमेरिकेला जाणारी जहाजं कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरातून सुटायची. नातवंडांनी "आजोबा कुठून आले?" विचारलं की आजोबा जहाज जिथून सुटलं ते सांगायचे, आणि घराणं कॉर्कचं व्हायचं.

एलिस बेटाचा निकाल आणखी सोपा होता. व्याह्यांचे पणजोबा अमेरिकेत आले १८८६ साली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. कारकुनानं नाव बदललंच असेल तर पणजोबा सहा वर्षं रांगेत उभे होते असं धरावं लागतं. शिवाय ते न्यूयॉर्कला उतरलेच नव्हते, बोस्टनला उतरले होते. आणि त्या बेटावरचे कारकून नावं लिहीतच नव्हते. जहाज निघताना प्रवाशांची यादी तयार व्हायची, इकडे हे फक्त ती पुढ्यात घेऊन माणसं ताडून पाहायचे. एवढ्या रांगेपुढे बसून कुणाचं बारसं करायला सरकारी नोकराला वेळ कुठला? हे मी अनुभवानं सांगतो.

त्या बेटाचा विषय निघाला म्हणून ॲनी मूरची हकीकत सांगतो, कारण ती ऐकल्यावर व्याह्यांचा आजीवरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला. केंद्र उघडलं त्या दिवशी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं ते कॉर्कच्या या मुलीनं. दोन धाकट्या भावांना घेऊन 'नेवाडा' जहाजातून आली होती. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. वर्तमानपत्रांनी त्याच दिवशी तिचा पंधरावा वाढदिवसही साजरा करून टाकला. मुलगी सतरा वर्षांची होती आणि वाढदिवस एप्रिलात असायचा. पुढे तिचं काय झालं? सगळ्यांना माहीत होतं की ती टेक्सासला गेली आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ ट्रामखाली सापडून वारली. तिथल्या कुटुंबाला समारंभांची बोलावणी जायची, पुढच्या खुर्च्या मिळायच्या. तिचे पुतळेही उभे राहिले, एक एलिस बेटावर आणि एक क्वीन्सटाउनला, ज्याला आता कोव्ह म्हणतात.

मग मेगन स्मोलेन्याक नावाच्या संशोधक बाईंनी कागद काढले. टेक्सासची ॲनी मूर इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. तिनं आयर्लंड कधी पाहिलंही नसेल. बाईंनी खऱ्या ॲनीचा पुरावा आणणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं, आणि २००६ साली ती सापडली. कुठे? न्यूयॉर्कमध्येच. बोटीतून उतरून दक्षिण मॅनहॅटनमधल्या गरीब वस्तीत गेली, जर्मन घरातल्या मुलाशी लग्न केलं, अकरा बाळंतपणं सोसली आणि १९२४ साली वारली. क्वीन्समधल्या कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. तो लागला २००८ साली. आमचे व्याही हे सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टेक्सासवाल्यांकडून त्या खुर्च्या परत कशा घेतल्या असतील?" चौकशी अधिकाऱ्याला प्रश्न बरोबर पडतात.

आता कागदांचं सांगतो. ते सांगताना माझ्यासारख्या माणसाच्या पोटात कालवतं. जून १९२२ मध्ये आयर्लंडमध्ये यादवी पेटली. डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत ब्रिटनशी झालेल्या तहाच्या विरोधकांनी तळ ठोकला होता. नव्या सरकारनं तोफा लावल्या आणि ३० जूनला आवारातला सरकारी दप्तरखाना उडाला. सात शतकांचे कागद. मृत्युपत्रं, चर्चची कितीतरी दप्तरं, आणि १८२१, ३१, ४१, ५१ या चार जनगणना, किरकोळ पानं सोडली तर सगळ्या. डब्लिनच्या आकाशात जळके कपटे उडत होते. कुणाच्या तरी आज्ज्याचं नाव, वय, धर्म, सगळं धूर होऊन गच्चीवर पडत होतं.

पण त्या आगीवर जितकं ढकलतात तितकं तिनं केलेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे फॉर्म बेरजा झाल्यावर सरकारनंच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा पडला म्हणून लगद्यात घातले. आग लागली तेव्हा हे चारही दशकांचे ढीग जागेवर नव्हतेच. शत्रूच्या तोफा आणि आपल्या साहेबाची टिप्पणी यांत दप्तराचं नुकसान जास्त कोण करतो, हे मला विचारा. वाचलं ते मुख्यतः कॅथलिक चर्चच्या वह्यांत. त्या सरकारी नव्हत्या, गावोगावी पाद्र्यांच्या कपाटांत पडून होत्या, म्हणून वाचल्या. २०१५ साली राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांची छायाचित्रं फुकट खुली केली आणि व्याह्यांची झोप उडाली.

गाव कळलं ते मात्र बोस्टनच्याच दफनभूमीत. चुलतपणजोबांच्या कबरीवर परगणा आणि चर्चचा विभाग कोरलेला होता : वेक्सफर्ड. जन्मभर घरी पत्र टाकलं नाही, पण दगडावर पत्ता बिनचूक. मग ग्रिफिथ साहेबाची आकारणी उघडली. रिचर्ड ग्रिफिथनं १८४७ ते १८६४ या काळात साऱ्या आयर्लंडची कर आकारणी केली. घर कुणाच्या ताब्यात, मालक कोण, जमीन किती, किंमत किती, सगळं. ते रकाने पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं. साठ हजारांवर टाउनलँड, म्हणजे आपल्या हिशेबानं वाड्या. आमच्या वाडीत पॅट्रिक मर्फी तीन. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज. त्यामुळे माणसं वाढत गेली तरी नावं तेवढीच राहिली. ओळख पटावी म्हणून कारकुनानं एकाच्या पुढे बापाचं नाव लिहिलं होतं, दुसऱ्याच्या पुढे केसांचा रंग. तिसरा तसाच सोडला होता. आमचा तोच असणार, असं विहीणबाई म्हणाल्या. तिघेही कुळं. मालक भलताच.

वाड्याचा निकाल लावला १९११ च्या जनगणनेनं. स्वातंत्र्यापूर्वीच्या जनगणनांपैकी १९०१ आणि १९११ च्या तेवढ्या पूर्ण शिल्लक आहेत. गणना करायला पोलीस शिपाई यायचे, आणि ते माणसांबरोबर घरंही मोजायचे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, दर्शनी बाजूला खिडक्या किती. मर्फींच्या वाड्याला खिडक्या दोन आणि छप्पर गवताचं. वेगळ्या फॉर्मवर गोठे. गाईंसाठी एक, डुकरांसाठी एक, कोंबड्यांचं खुराडं एक. तबेल्याच्या रकान्यात काही नाही. व्याह्यांनी तो कोरा रकाना मोठा करून करून पाहिला.

आणि इथेच ती भेटली. पणजोबांची आई, म्हणजे व्याह्यांची खापरपणजी. मुलगा अमेरिकेला गेला, ही राहिली. १९०१ च्या फॉर्मवर वय ५२. १९११ च्या फॉर्मवर, त्याच घरात, त्याच नवऱ्याशेजारी, वय ७१.

व्याही म्हणाले, ही दुसरी बाई असणार. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिली वारली, नवऱ्यानं त्याच नावाची दुसरी केली, असा तर्कही मांडला. मी त्यांना एकच विचारलं, "मधल्या काळात सरकारनं काही योजना काढली होती का?"

काढली होती. १९०८ चा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा कायदा, १ जानेवारी १९०९ पासून लागू. वय सत्तर, उत्पन्न बेताचं, तर आठवड्याला पाच शिलिंग. आणि आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ साली. म्हणजे १९०९ मध्ये सत्तरीचा दाखला असलेला माणूस कायद्यानं अस्तित्वातच नव्हता. असं मोकळं रान मिळाल्यावर सबंध देश दहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारा झाला तर त्यात नवल काय? व्याह्यांना हे कळेना. त्यांना मी माझी जन्मतारीख दाखवली : १ जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एका दिवशी जन्माला घातलं, आणि आम्ही सरकारी नोकरीतून निवृत्तही जथ्यानं झालो.

वय सिद्ध करायला तिकडे दोन वाटा होत्या. पहिली, १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आपलं नाव शोधून द्या असा अर्ज डब्लिनला करायचा. त्या जनगणना पुढे जळल्या, पण अर्जांवर उतरवून घेतलेल्या नोंदी राहिल्या. आज त्या काळच्या कित्येक घरांचा पत्ता लागतो तो केवळ म्हाताऱ्यांना पाच शिलिंग हवे होते म्हणून. खापरपणजीनं या वाटेला जायचं टाळलं. शहाणीच होती. चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा १८४९ चा आहे. १८५१ च्या जनगणनेत ती दोन वर्षांची भरली असती.

दुसरी वाट वादळाची. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर असं वादळ आलं की लोक पुढे पिढ्यान्‌पिढ्या 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणून सांगत राहिले. समितीपुढे म्हाताऱ्यानं ती रात्र आठवते म्हटलं की सत्तरी मान्य व्हायची. बरं, त्या रात्री जन्मलेला माणूस १९०९ मध्ये नेमका सत्तरचा, पण त्याला आठवणार काय? समितीनं हा हिशेब घातला नाही, कारण समितीत गावातलेच लोक होते आणि त्यांच्याही घरी आया होत्या. म्हातारे शपथेवर सांगायचे म्हणे, त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो. आपल्या जन्माच्या दहा वर्षं आधीचं वादळ खापरपणजीनं कसं रंगवलं असेल, कुठल्या शेजाऱ्याचं छप्पर उडवलं असेल, ते ऐकायला मी त्या समितीत बिनपगारी कारकून म्हणून बसलो असतो. कागदांतल्या सगळ्या मर्फींमध्ये मला ही एकच बाई हाडामांसाची वाटली. बाकीचे नुसते जन्मले, परणले आणि वारले. ही खोटं बोलली.

व्याह्यांना तिचं एवढं कौतुक वाटेना. त्यांच्या लेखी हा खोटा दावा होता.

आयर्लंडला जायचं ठरलं तेव्हा मला व्हिसा काढावा लागला. त्यासाठी जेवढे कागद मी जोडले, तेवढे मर्फींनी दीडशे वर्षांत मागे ठेवले नसतील. वाडीवर पोचलो तो पाऊस. घराच्या जागी दगडांचा ढीग आणि काटेरी झुडुपं. पलीकडच्या नव्या घरातून चिखलाचे बूट घातलेला शेतकरी आला. व्याह्यांनी हात पुढे केला. "मी मर्फी. बोस्टनहून आलोय. ही जागा आमची."

शेतकऱ्याचा चेहरा मी पाहिला. सातबाऱ्यावर नाव लावायला मुंबईहून आलेल्या पुतण्याकडे काका ज्या नजरेनं पाहतो, ती नजर जगात कुठेही ओळखू येते. त्यानं हात पुढे केला नाही. कुंपणाचं फाटक मात्र हळूच ओढून घेतलं. मी घाईनं पुढे होऊन म्हणालो, "फक्त फोटो काढायचाय. दावा नाही." त्यानं माझ्याकडे, मग व्याह्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तपकिरी वकील घेऊन अमेरिकन आलाय असं त्याला वाटलं असावं. विहीणबाईंनी गाडीची काच खाली करून केरीच्या हेलात चार वाक्यं ऐकवली, तेव्हा कुठे तो हसला. मग चहा आला, पाव आला, लोणी आलं, आणि खापरपणजीची गोष्टही आली. "ती होय? पेन्शनवाली!" शंभर वर्षं उलटली तरी गावाला माहीत. जिच्यासाठी आम्ही दप्तरं पालथी घातली, ती त्याच्या आजोबांच्या तोंडी होती.

तिथून विहीणबाईंच्या भावाकडे, केरीला. वाटेत लिमरिकच्या रस्त्यावर मनीगॉल लागतं. जेमतेम तीनशे वस्तीचं गाव. ओबामांच्या आईकडचा एक पूर्वज, चांभाराचा मुलगा, १८५० साली तिथून अमेरिकेला गेला, असं चर्चच्या वह्यांतून तिथल्या पाद्र्यांनी काढलं. २०११ मध्ये ओबामा येऊन बिअर पिऊन गेले, आणि २०१४ मध्ये महामार्गावर 'बराक ओबामा प्लाझा' उघडला : पेट्रोल पंप, खानावळ, वरच्या मजल्यावर प्रदर्शन. अध्यक्ष होणाऱ्याचे आयरिश पूर्वज सापडतातच. केनेडींचे वेक्सफर्डलाच, रेगन यांचे टिपरेरीत, बायडन यांचे मेयो आणि लाउथमध्ये. पेट्रोल पंप मात्र एकट्या ओबामांच्या वाट्याला आला. व्याह्यांनी तिथे कॉफी घेतली आणि वंशावळीत ओबामा कुठे बसतील का ते तपासलं. "आठ पिढ्या मागे गेलं तर," ते म्हणाले. "आठ पिढ्या मागे गेलं तर हा पंपवालाही बसेल," विहीणबाई म्हणाल्या.

या बाईंचं एकंदर मत असंच आहे. आयर्लंडच्या सरकारनं २०११ मध्ये परदेशस्थांसाठी आयरिश वारशाचं प्रमाणपत्र विकायला काढलं होतं, ते व्याह्यांनी चौकटीत लावलं. तीन हजारही खपली नाहीत आणि २०१५ मध्ये योजना गुंडाळली. "एवढ्या कोटींत आमच्याच घरात एक निघालं," म्हणाल्या. व्याही नळीत थुंकून डीएनए तपासून आले, ९८ टक्के आयरिश. "हे मी फुकट सांगितलं असतं." मग त्यांनी विहीणबाईंचीही थुंकी पाठवली, तर निघाले ९ टक्के स्कॉटिश. तो विषय त्या घरात पुन्हा निघत नाही.

केरीला रात्री जेवणं झाल्यावर व्याह्यांनी वही काढली. खापरपणजीच्या मृत्यूची नोंद सापडली होती : १९१८ अखेर, वय ७९. बाप्तिस्म्याप्रमाणे ६९. म्हणजे बाई खरी सत्तरी गाठायच्या आधीच गेली, आणि दहा वर्षांतला एकही शिलिंग कायद्यात बसत नव्हता. आठवड्याला पाच, वर्षाला तेरा पौंड, दहा वर्षांचे १३०. नंतरची वाढ धरलेली नाही. घराण्यावरचा डाग धुवायचा तर ही रक्कम परत करावी असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. अडचण एकच : पैसे दिले लंडनच्या सरकारनं, पण राज्य गेलं डब्लिनकडे. परतावा कुणाला करायचा? मला महसूल खात्यातला म्हणून विचारलं. मी सांगितलं, वसुलीची नोटीस आल्याशिवाय सरकारला पैसे देण्याचा प्रयत्न करू नका, घेणाऱ्याची पंचाईत होते, कुठल्या शीर्षाखाली जमा करायचे ते त्याला सापडत नाही.

विहीणबाई भांडी विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लंडनला पाठवायचे असतील तर आधी त्यांच्याकडून आपलं येणं किती ते मांड."

व्याही विचारात पडले. मुद्दा हिशेबाला धरून होता. त्यांनी पान उलटलं, मधोमध रेघ मारली आणि येणे बाजूच्या डोक्यावर साल घातलं : ११६९. समुद्रापलीकडून नॉर्मन सरदार वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर उतरले ते हे वर्ष.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, व्याज सरळच धरा. चक्रवाढ धरलंत तर वही पुरायची नाही."